जाऊन राहिली

दर वर्षी जुलै संपत आला की आमच्या गल्लीत गाद्या येऊ लागतात. रिक्षाच्या टपावर बांधलेल्या, स्कूटरवर दोघांच्या मध्ये दुमडून बसवलेल्या, टेम्पोत बादली, झाडू आणि टेबलफॅनच्या सोबतीनं आलेल्या. गाद्यांच्या मागे मुलं-मुली, आणि त्यांच्या मागे तोंडावरचा घाम पुसत, आपलं लेकरू कितव्या मजल्यावर राहणार ते मान वर करून बघणारे आईबाप. पुण्यात कॉलेजं सुरू झाली हे मला पेपरातून कळत नाही, गाद्यांवरून कळतं. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहते आणि कोणाची गादी जिन्याच्या वळणावर अडकली ते बघते. प्रत्येकाची अडकते. माझीही अडकली होती.

यंदा आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर एक मुलगी आली. तिची गादी निळ्या फुलांची. परवा संध्याकाळी मी भाजी घेऊन जिना चढत होते आणि ती वरच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती. घरात रेंज येत नसावी. "हाव माय, जेवून राहिली ना. खोटं कायले सांगू?" मी होते तिथेच थांबले, पिशवी कठड्याला टेकवली. ते 'राहिली' या शहरात कानावर पडलं की माझं असंच होतं. आधी बरं वाटतं, आणि लगेच एक संध्याकाळ आठवते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भंडाऱ्याकडे कोणी 'जेवतेय' म्हणत नाही, 'जेवून राहिली' म्हणतात. म्हणजे जेवण चालू आहे, घास अजून हातात आहे. 'येऊन राहिली' म्हणजे वाटेत आहे, अजून पोचायची आहे. इकडच्या कानाला मात्र 'येऊन राहिली' म्हणजे आली आणि मुक्कामालाही राहिली. शब्द तेच, त्यांचा क्रम तोच आणि अर्थ भलताच. यावर लोक विनोद करतात. मीही पुष्कळ केले होते. मग एका पावसाळ्यात ते करणं सुटलं.

त्या पावसाळ्यात मी भूगोलात एम.ए. करायला पुण्याला आले. आमचं घर आंधळगावचं, विणकराचं. ओसरीच्या बाजूला बाबांचा माग, आणि मागाशेजारी भिंतीला पाठ लावून मोठी माय चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा मी जन्मायच्या आधीच वारले, तिला मूलबाळ नव्हतं, आणि ती आमच्याच घरात राहिली. आईनं मला जन्म दिला आणि उचलून हिच्या मांडीवर ठेवलं, असं आमच्याकडे हसत हसत सांगतात. माझं नाव प्रणाली. मोठ्या मायच्या तोंडात ते कधी बसलं नाही. ती मला 'परनाली' म्हणायची. लहानपणी मी चिडायचे, की ही पाण्याची परनाळ झाली. ती म्हणायची, "मंग काय झालं? पानी वाहूनच राहते ना तिच्यातनं."

तिचा आणि मागाचा एक सूर जमलेला होता. बाबांचा धोटा खटखट चालला की हिचा चरखा त्याला धरून घुमायचा, आणि त्या दोन्ही आवाजांच्या वर आवाज चढवून ती बोलायची. त्यामुळे घरात कोणी नुसतं हळू बोललं तरी आम्हाला वाटायचं, काहीतरी लपवून चाललंय. पुण्यातल्या खोलीत पहिल्या रात्री मला झोप आली नाही ती त्या शांततेनं. वरती पंखा, खाली रस्ता, आणि मध्ये कोणीच ओरडून बोलत नाही.

मी इतक्या लांब जाऊ नये असं बाबांना वाटत होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मागावर बसले की दोन-दोन दिवस माझ्याकडे मान वळवेनात. मोठ्या मायनंच एकदा चरखा थांबवून विचारलं, "काहून रुसून बसले, भाऊजी? नागपूरले धाडलं असतं तं का रोज जेवाले घरी आली असती?" बाबा म्हणाले, "वहिनी, पुणं लय दूर आहे." ती म्हणाली, "दूर आहे तं पोरगी येईन तवा जास्त दिवस राहीन." झालं, माझा निकाल लागला.

निघताना तिनं काय दिलं असेल? पितळेचा गुंड. पाणी भरायचा, चांगला मोठा, भंडाऱ्याच्या दुकानातून स्वतः जाऊन, बोटांनी ठोकून, आवाज ऐकून आणलेला. आई म्हणाली, "वहिनी, तेथी नळ असते." मोठी माय म्हणाली, "नळ का आपल्या बापाचा आहे? गेला तं काय करन?" तो गुंड घेऊन मी आंधळगावहून भंडाऱ्याला एस.टी.नं, भंडाऱ्याहून नागपूरला आणि नागपूरहून पुण्याला रेल्वेनं आले. गाडीत माझ्यापेक्षा गुंडाचीच चौकशी जास्त झाली. एका काकांनी तर त्यावर पाय ठेवून छान झोप काढली.

एस.टी. सुटताना मी खिडकीतून म्हटलं, "येतो वो मोठी माय." ती म्हणाली, "येजो." आणखी काही म्हणाली असेल, पण इंजिन सुरू झालं होतं आणि तिला खोकला आला होता. तो खोकला मी ऐकला. चरख्याजवळ बसणाऱ्या बायकांना असतोच, म्हणून ऐकून सोडून दिला.

पुण्यात मला मिळालेली तिसऱ्या मजल्यावरची जागा दोन खोल्यांची होती आणि तिच्यात माझ्याआधी सायली आलेली होती. सायली वाईची. तिनं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, 'साखर' लिहिलेल्या डब्यात साखरच होती, आणि पहिल्याच दिवशी तिनं मला गरम थालीपीठ खाऊ घातलं. असा माणूस भेटला की परक्या गावात अर्धं घर तिथेच होतं. गुंड पाहून ती खूश झाली. "काय सुंदर आहे गं! यात आपण छत्र्या ठेवू." आठवडाभर त्यात छत्र्या राहिल्या. मग एक दिवस नळ गेला आणि दोन दिवस आलाच नाही. तेव्हा छत्र्या बाहेर आल्या आणि गुंडात पाणी गेलं. मी ही गोष्ट फोनवर सांगितली तर मोठी माय इतकी हसली की पुन्हा खोकला लागला.

शहर समजून घेण्यात माझे दिवस चालले होते. भाजीवाल्याकडे सांबार मागितला तर त्यानं मला कोपऱ्यावरचं इडलीचं हॉटेल दाखवलं. मला कोथिंबीर हवी होती. लाखोळीची डाळ कुठल्याच दुकानात नव्हती, आणि दुकानदार म्हणायचा, तूर घ्या की ताई, चांगली आहे. चांगली होतीच. पण आमच्या घरी पाहुणा आला की त्या लाखोळीच्या डाळीची वडी होते, आणि इथे मीच पाहुणी होते.

कॉलेजात आमच्या वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगलेला होता. त्याच्या उजव्या बाजूला लोखंडी कपाट होतं. नागपूरपर्यंत महाराष्ट्र दिसायचा, त्यापुढचा कपाटामागे गेलेला. कोणी गाव विचारलं की मी म्हणायचे, "कपाटामागे." मुलं हसायची, मीही हसायचे. वैनगंगा त्या कपाटामागून वाहत होती, तिच्या काठचं भंडारा आणि त्यापलीकडचं आंधळगाव तिथेच धूळ खात होतं, आणि मोठी माय तिथेच कांड्या भरत होती.

त्याच वर्गात, अगदी पहिल्या आठवड्यात, सर बाकांमधून फिरत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, "नकाशा काढून राहिली, सर." ते म्हणाले, "काढून झाला ना? मग द्या इकडे." त्यांनी कागद उचलला. त्यावर अर्धी कोकण किनारपट्टी होती. वर्ग हसला. सर चांगले होते, त्यांनाही हसू आलं, आणि त्यांनी कागद परत ठेवला. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, पण नकाशा तरी वेळेवर पुरा व्हायला हवा ना? म्हणून मी 'काढतेय' म्हणायला लागले. मग 'जातेय', 'येतेय', 'जेवतेय'. बाहेर निघताना चपला घालाव्यात तसं ते जमून गेलं. सायलीशी तर मी पहिल्या दिवसापासूनच जपून असं बोलत होते, वर्गात तेवढं तोंडातून निसटलं होतं. घरी फोन करायचा तर गॅलरीत जावं लागायचं, कारण रेंज तिथेच यायची. तिथे दार ओढून घेऊन मी आपलं 'जेवून राहिली', 'अभ्यास करून राहिली' सुरू करायचे. दोन मराठींच्या मध्ये एक काचेचं दार होतं, आणि सायलीनं माझी ती दुसरी मराठी कधी ऐकलीच नाही.

राखीचे दिवस आले. आमच्या मोठ्या मायचं माहेर अड्याळ. तिथे तिचा भाऊ, त्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. रोवणं आटोपलं, चिखलातून पाय बाहेर आले, की बायकांना जरा उसंत मिळते. मग राखी घेऊन मोठी माय अड्याळला जायची आणि पोळ्यापर्यंत तिकडेच राहायची. लहान असताना मीही तिच्यासोबत जायचे. रोवलेल्या धानाचा तो नवा हिरवा रंग, बांधावरून चालताना पायाला लागणारा गार चिखल, आणि मामांच्या घरी माझ्या मोठ्या मायचं एकदम मुलगी होऊन जाणं. आमच्या घरी ती कोणाला चहा मागायची नाही. अड्याळला खाटेवर बसून वहिनीला म्हणायची, "चहा आन वो, साखर जास्त टाकजो." तिला असं हुकूम सोडताना पाहून मला मजा वाटायची. ती मोठ्या मायची सुट्टी होती, आणि आमच्या घरात वर्षाकाठी तेवढी एकच सुट्टी तिला मिळायची.

त्या वर्षी फोनवर मी विचारलं, "अड्याळले कवा जातं?" म्हणाली, "जाईन, जाईन. पोरगी पुण्याले गेली, मी अड्याळले जातो, घरी राहते कोण? भाऊजीचा माग?" मी म्हटलं, "खोकला कसा आहे?" म्हणाली, "खोकल्याले का होते? चांगला आहे." आता तो फोन आठवला की तिचा आवाज हळू होता हे आठवतं. आमच्या घरात हळू बोलणं म्हणजे काय, ते मी वर सांगितलंच आहे.

तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. माझी पहिली चाचणी परीक्षा होती, म्हणून मला कळवू नका असं तिनंच सांगितलं होतं. परीक्षेच्या दिवशी फोन आत नेऊ देत नसत. मी तो गॅलरीच्या खिडकीत चार्जिंगला लावून गेले.

संध्याकाळी घरी आले. पेपर बरा गेला होता. सायली कणीक मळत होती. म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांचा फोन येऊन गेला. दोनदा वाजला, म्हणून मी घेतला. आवाज तुटत होता. तुझ्या मोठ्या आई कुठेतरी जाऊन राहिल्यात म्हणे, तुला सांगायला सांगितलंय. पुढे काही ऐकूच आलं नाही."

मी हसले. अगदी खळखळून हसले. म्हटलं, "कुठेतरी काय? अड्याळला गेली असणार. माहेरी. राखीला जाते दर वर्षी आणि पोळ्यापर्यंत राहते."

मला खरंच हायसं वाटलं. प्रवास करून माहेरी गेली म्हणजे खोकला गेला. मी गॅलरीत जाऊन बाबांना फोन लावला, तो बंद होता. त्यात नवल नव्हतं, बाबा फोन चार्ज करायचं नेहमीच विसरतात. मग त्या संध्याकाळी, पोळ्या लाटता लाटता, मी सायलीला अड्याळच्या गोष्टी सांगितल्या. मामांची खाट, जास्त साखरेचा चहा, बांधावरून घसरून चिखलात बसलेली मोठी माय आणि तिला उठवायला गेलेल्या, तिच्याच शेजारी बसलेल्या तिच्या वहिनी. सायली हसून हसून लाटणं खाली ठेवायची. पुण्याला आल्यापासून मी इतकी मोकळी कधी झाले नव्हते. ती माझी त्या घरातली सर्वांत सुखाची संध्याकाळ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये फोन वाजला. बाबा होते. म्हणाले, "कोठी पोचली वो पोरी?"

मी म्हटलं, "पोचली म्हणजे? कॉलेजात आहो, बाबा."

पलीकडे कोणीतरी मागे रडलं. बाबा म्हणाले, "मोठी माय गेली."

हा एक शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. गेली म्हणजे गेली.

कॅन्टीनमधून मी तशीच घरी आले. सायलीनं माझी पिशवी भरली, रिक्षा आणली, स्टेशनवर सोडायला आली. गाडीत जागा नव्हतीच, जनरलच्या डब्यात दाराजवळ पिशवीवर बसले. दौंड गेलं तरी मला नीट रडायला येत नव्हतं. डोक्यात एकच घोळ. बाबांनी 'कोठी पोचली' असं का विचारलं? मी निघाले आहे असं त्यांना का वाटलं? आणि मोठी माय अड्याळला असताना बाबा तिच्याजवळ कसे? मग मी सायलीचं वाक्य आठवलं. मोठ्या आई कुठेतरी जाऊन राहिल्यात. 'राहिल्यात' हे सायलीचं. 'मोठ्या आई' हे सायलीचं. 'कुठेतरी' हेही तिनंच घातलेलं, वाक्य पुरं व्हावं म्हणून. मी एकेक शब्द काढत गेले आणि उरलं ते बाबांच्या आवाजात मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

मोठी माय जाऊन राहिली.

ती चालली आहे. अजून गेलेली नाही. ये.

बाबा कधी 'मरते आहे' असं म्हणणार नव्हते. घरातल्या बाईबद्दल, आणि आपल्या वहिनीबद्दल, आमच्याकडे असंच बोलतात. ते वाक्य माझ्या कानावर जसंच्या तसं पडलं असतं तर मी कणकेच्या परातीजवळून उठून स्टेशनवर गेले असते. रात्रीची गाडी होती. सकाळी नागपूर, दुपारच्या आत भंडारा. ती दुपारी गेली. पण ते वाक्य माझ्यापर्यंत स्वच्छ, नीट, माणसाला मान देऊन आलं, आणि त्यातली मोठी माय तेवढी वाटेत राहून गेली. दाराजवळ बसून मी मग रडले. शेजारच्या बाईनं काही न विचारता माझ्या डोक्यावर पदर धरला, कारण पाऊस आत येत होता.

मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. ओसरीत माग बंद होता. चरख्यावर अर्धी भरलेली कांडी तशीच, तिला हात लावायची कोणाची हिंमत झाली नव्हती. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. मी जवळ बसले तसे म्हणाले, "मी फोन केलतो. त्या पोरीनं सांगतलं नाही का तुले?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"का माझं बोलनंच समजलं नाही तिले? मले काही तिच्यासारखं बोलता येत नाही, पोरी. मी आपला जमन तसा बोललो. अजून एकदा करायचा होता, तं फोनच मरून गेला."

जन्मभर कोशाचं रेशीम विणणारा माझा बाप. त्याच्या हातचं सूत कधी तुटलेलं मी पाहिलं नाही. तो माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होता की मी नुसती मान हलवली असती तरी उरलेला जन्म तो तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलून पाहत बसला असता. मी म्हटलं, "बराबर सांगतलं, बाबा. सारंच सांगतलं तिनं. मलेच गाडीत जागा भेटली नाही."

ते म्हणाले, "असं होय." आणि मग म्हणाले, "राखीची गर्दी असते."

रात्रीच्या आत आईनं मला मागच्या अंगणात गाठलं. तिला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं आणि सांगवतही नव्हतं. म्हणाली, "तुह्यासाठी लय घोर लावला होता वो तिनं. परवा दिसभर आन् काल सकाळपासून एकच. परनाली कोठी आहे? आमी म्हनत होतो, येऊन राहिली. फिरून विचारे, आमी फिरून म्हनू, येऊन राहिली, माय, येऊन राहिली. दारातच नजर होती."

त्यांनी तिला खोटं सांगितलं नव्हतं. बाबांना वाटत होतं निरोप पोचला, पोरगी गाडीत बसली. त्या वेळी मी पोळ्या लाटत होते आणि तिच्या चिखलात पडण्याच्या गोष्टीवर हसत होते. सकाळी ती दाराकडे बघत होती तेव्हा मी कपाटामागच्या नकाशासमोर बसून वही उघडत होते.

पुढे पुष्कळदा मनाची समजूत घालून पाहिली. म्हटलं, 'येऊन राहिली' याचा सायलीच्या मराठीत काय अर्थ होतो? आली आणि राहिली. शेवटी शेवटी तिला तसंच ऐकू आलं असेल, की पोरगी आली, आता जास्त दिवस राहील. पण मोठ्या मायला दुसरी मराठी येतच नव्हती. तिच्यासाठी मी अखेरपर्यंत वाटेवर होते. तिच्या लेखी मी अजून पोचायची आहे.

पोळा झाल्यावर मी पुण्याला परतले. सायलीनं दार उघडलं, पिशवी घेतली, माझ्याआधी तीच रडली. मग चहा देताना हळूच म्हणाली, "एक विचारू? अड्याळलाच होत्या ना त्या?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं झालं गं. माहेरी होत्या. आणि निदान तुला निरोप तरी मिळाला होता." मी चहा प्यायले. तिनं त्यात साखर जास्त घातली होती. मी त्या संध्याकाळी जे सांगितलं होतं ते तिनं लक्षात ठेवलं होतं.

ती माझी आजही मैत्रीण आहे. मी या गोष्टीचा राग धरायला निघाले तर मला माणूसच सापडत नाही. बाबा चुकले नाहीत. सायली चुकली नाही, तिनं तर गॅलरीत धावत जाऊन फोन घेतला. मोठ्या मायनं माझी परीक्षा जपली. एवढी चांगली माणसं आणि त्यांच्यामधून एक बाई निघून गेली. कोणावर तरी चिडता आलं असतं तर दुःख जरा हलकं झालं असतं. तशी सोय मला मिळाली नाही.

मी पुण्यातच राहिले. एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते, आणि पहिल्या दिवशी वर्गातला नकाशा पूर्ण दिसतो की नाही ते आधी बघते. गुंड स्वयंपाकघरात आहे. चिंचेनं घासते तेव्हा चकाकतो, पण एरवी काळवंडलेलाच असतो, आणि त्यात छत्र्या मी ठेवू देत नाही. बाबा थकलेत, माग क्वचित चालतो. फोनवर विचारतात, "काय करून राहिली वो?" आता मी गॅलरीत जात नाही. जिथे असेन तिथून, कोणीही समोर असो, सांगते, "बसून राहिली, बाबा."

तर परवा जिन्यात मी थांबले होते. वरच्या मुलीचं बोलणं संपलं, ती उठली, आणि मला पाहून दचकली. चेहरा एकदम नीट केला. "सॉरी काकू, तुम्हाला वर जायचंय का?" तो 'जायचंय' तिनं इतका जपून उच्चारला, की मला तिच्या पायांतल्या नव्या चपला दिसल्या.

"कुठली गं तू?" मी विचारलं.

"भंडारा जिल्हा. तुम्हाला माहीत नसेल... पवनी तालुका."

"घरात रेंज नाही?"

"फक्त खिडकीत येते, तीही तुटक. कॉलेजात फोन नेऊ देत नाहीत, म्हणून तिथेच ठेवून जाते, रूममेट घेते कधीकधी."

मी पिशवी खाली ठेवली. पर्समधून पेन काढलं, भाजीच्या कागदाचा एक कोपरा फाडला आणि त्यावर माझा नंबर लिहिला. ती गोंधळून बघत होती.

"हा तुझ्या मायले देजो," मी म्हटलं. "आन् बाबाले. तुले फोन नाही लागला, का दुसऱ्या कोणी उचलला, तं मले करा म्हनावं. कवाही. जसं बोलाचं तसं बोला म्हना. मले समजते."